तिथी पाहून मुंबई पाहिली

आधी पहिल्या खेपेला काय झालं ते सांगते, कारण त्याशिवाय पुढचं कळणार नाही. मुंबईचा समुद्रकिनारा आणि रोहित पक्षी (फ्लेमिंगो) एका दिवसात दाखवणारी सहल मी जानेवारीत पैसे भरून केली होती. चाळीस जणांची बस. सकाळी आठला वांद्र्याचा कार्टर रोड आणि तिथल्या खडकांवरचे समुद्री जीव, दुपारी एकला ऐरोलीहून बोट, असा कार्यक्रम. आठला उतरलो तेव्हा बघायचे ते खडक पाण्याखाली होते. दुपारी ऐरोलीला पोचलो तर खाडीत नुसता चिखल, बोट हलणंच शक्य नव्हतं. आयोजकांनी निसर्गाकडे बोट दाखवलं, पैसे परत मिळाले नाहीत. सोबत आलेली लहान मुलं हिरमुसली होती, ते मला आजही आठवतं.

रात्री फोनवर आईला सगळं सांगितलं. आई मूळची देवगडची. तिने ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, “तिथी खंयची होती?”

कालनिर्णय काढून पाहिलं. नवमी होती.

“मग काय दिसणार गो? नवमीक पावणेसातला भरती, एकला सुकती. लोकांनी सगळा उलटा ठेवलेला.”

माझे आजोबा होडीवर जायचे. त्यांचा हिशेब आईला पाठ आहे: तिथीचा आकडा घ्यायचा, त्याची पाऊणपट करायची, जे येईल ती पूर्ण भरतीची वेळ. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणून भरती सहाला. पौर्णिमेला सव्वाअकरा. पौर्णिमा झाली की पुन्हा प्रतिपदेपासून मोजायचं. भरतीनंतर साधारण सहा तासांनी ओहोटी, म्हणजे आईची सुकती, पुन्हा सहा तासांनी भरती. चंद्रामुळे भरती रोज सुमारे पन्नास मिनिटं पुढे सरकते, आणि पाऊण तास म्हणजे पंचेचाळीस मिनिटं. कागदावरच्या कोष्टकाशी दहा-वीस मिनिटांचा, कधी अर्ध्या तासाचा फरक पडतो, पण दिवस ठरवायला एवढं पुरेसं आहे. शिवाय अष्टमी-नवमीला भांग असतो, म्हणजे पाणी फार चढतही नाही आणि फार ओसरतही नाही. पौर्णिमा-अमावास्येच्या आगेमागे उधाण, तेव्हा पाणी लांबवर ओसरतं आणि एरवी न दिसणारे खडक उघडे पडतात.

तेव्हाच ठरवलं की हा दिवस आपण स्वतः आखायचा, आणि आईला घेऊन जायचं.

मला हवं होतं असं: उजाडल्यावर ओहोटी मिळावी, म्हणजे खडकांवर फिरता येईल, आणि दुपारी भरती असावी, म्हणजे खाडीत बोट जाईल. आईने बोटांवर मोजून द्वितीया किंवा तृतीया सांगितली. द्वितीयेला भरती दीडला, म्हणजे ओहोटी साडेसातला. होळीनंतरचा रविवार नेमका फाल्गुन वद्य द्वितीया होता. थंडीत आलेले रोहित तेव्हा खाडीतच असतात, ते साधारण नोव्हेंबर ते मे इथे राहतात.

माणसं आठ जमवली, मुद्दाम आठच. आई आणि मी, ऑफिसमधली मैत्रीण आणि तिचा दहा वर्षांचा मुलगा, ठाण्याचे एक निवृत्त जोडपं, कॉलेजच्या दोन मुली. एक गाडी भाड्याने घेतली. किनाऱ्यावर लोकांना फिरवणारा प्राणिशास्त्र शिकलेला एक तरुण आमच्याबरोबर यायला तयार झाला. त्यानेही पहिल्याच फोनवर सांगितलं होतं, “आठाच्या वर नको. खडकातल्या डबक्याभोवती एका वेळी चारच माणसं वाकून बघू शकतात.”

ऐरोलीला वनविभागाच्या कांदळवन कक्षाचं किनारी व सागरी जैवविविधता केंद्र आहे, बोट तिथूनच सुटते. बोटीच्या वेळा भरतीप्रमाणे रोज बदलतात, म्हणून तारीख ठरली की जागा आधीच धराव्या लागतात. आम्हाला साडेअकराची बोट मिळाली. आईने ऐकलं आणि मान हलवली. भरतीच्या दोन तास आधी, म्हणजे बोटीपुरतं पाणी असेल आणि चिखलाचे काठही उघडे असतील.

पहाटे पाचला डोंबिवलीहून निघालो. पावणेसातला कार्टर रोडला उतरलो तेव्हा नुकतं उजाडलं होतं आणि समुद्र खरोखरच लांब गेला होता. जानेवारीत जिथे लाटा आपटत होत्या तिथे काळा कातळ पसरला होता, त्यावर हिरवं शेवाळ आणि मधूनमधून आरशासारखी डबकी. कोळी बायका वाकून कालवं काढत होत्या. आई थेट त्यांच्याकडे गेली आणि पाच मिनिटं कालवांवरच बोलत राहिली.

इथे एक काळजीने सांगते. चपला घालून जाऊ नका. कालवांच्या कडा सुरीसारख्या असतात आणि शेवाळावरून पाय कधी सरकेल सांगता येत नाही. बंद, खरबरीत तळाचे जुने बूट घाला. चालताना शक्यतो मोकळ्या दगडावर पाय द्यावा, कारण बाकी सगळीकडे कोणी ना कोणी राहत असतं. दगड उचलून पाहिलाच तर तो तसाच्या तसा परत ठेवायचा. त्याची खालची बाजू उन्हात राहिली तर तिथले जीव मरतात.

पहिली पंधरा मिनिटं मला काहीच दिसलं नाही. ओला खडक, प्लास्टिकच्या पिशव्या, कुणीतरी सोडलेला निर्माल्याचा हार. आमचा मार्गदर्शक एका डबक्यापाशी बसला आणि म्हणाला, “काकू, दोन मिनिटं इथेच बघत राहा, हलू नका.” आम्ही बसलो. शंख म्हणून ज्याकडे मी दुर्लक्ष केलं होतं तो चालायला लागला. आत हर्मिट क्रॅब होता. दुसऱ्याच्या रिकाम्या शंखात राहणारा, नखाएवढा, निळसर पायांचा खेकडा. तो थांबला, त्याने दोन मिशा बाहेर काढून पाण्यात हलवल्या, आणि मग शेजारचा एक जरा मोठा शंख पायांनी चाचपायला लागला. आत पाय घालून पाहिला, बाहेरून फिरवून पाहिला. मैत्रिणीच्या मुलाने श्वास धरला होता. एका क्षणात खेकड्याने आपलं मऊ, वाकडं पोट जुन्या शंखातून काढलं आणि नव्यात घातलं. मोजून एक सेकंद लागला असेल. उघड्यावरचं ते गुलाबी पोट पाहिलं आणि तेव्हापासून किनाऱ्यावरचा रिकामा शंख घरी आणायची इच्छाच राहिली नाही. तो कुणाचं तरी पुढचं घर असतो.

मग दिसायला लागलं. खडकाच्या कडेला हिरव्या बटणांचा गालिचा पसरावा तसे झोअँथिड, प्रवाळांचे नातलग. पाण्यात असले की प्रत्येक बटण फुलासारखं उघडं, पाणी ओसरलेलं असलं की मिटलेलं. फटीत समुद्रफुलं (सी ॲनिमोन) होती. मऊ वाळूच्या पट्ट्यावर खेकड्यांनी मोहरीएवढ्या वाळूच्या गोळ्या ओळीने मांडल्या होत्या. मुंबईच्या किनाऱ्यावर खरे प्रवाळही आहेत, हे मला त्या सकाळपर्यंत माहीत नव्हतं. कोस्टल रोडच्या कामासाठी, 2020 मध्ये, वरळी आणि हाजी अली इथल्या प्रवाळांच्या 18 वसाहती उचलून दुसरीकडे लावल्या गेल्या. प्रवाळांना वन्यजीव संरक्षण कायद्यात वाघाइतकंच, अनुसूची एकचं संरक्षण आहे. ज्या हाजी अलीवरून मी शेकडो वेळा बसने गेले, तिथे पाण्याखाली प्रवाळ वाढत होते.

साडेआठला पाणी परत यायला लागलं आणि आम्ही वर आलो.

वाटेत शिवडीला फार वेळ थांबलो नाही. धक्क्यावर उभं राहिलं की समोर दलदल, लांबवर रोहितांची गुलाबी रेघ, आणि डोक्यावरून समुद्रात निघालेला अटल सेतू. 21.8 किलोमीटरचा हा पूल जानेवारी 2024 मध्ये खुला झाला. दुर्बीण असेल तरच शिवडीला थांबा, नाहीतर तो वेळ ऐरोलीसाठी राखून ठेवा, असं माझं मत.

ऐरोलीच्या केंद्रात तिवरांमधून लाकडी वाट आहे. बोटीला तासभर होता, तो आम्ही तिथेच घालवला. तिवराची श्वसनमुळं चिखलातून पेन्सिली खोचाव्यात तशी वर आलेली असतात. चिखलात ऑक्सिजन नसतो, म्हणून झाड मुळांनी बाहेरची हवा घेतं. आईने एक पान उलटं करून बोट फिरवलं आणि जिभेला लावलं. खारट. तिवर आत आलेलं मीठ पानांतून बाहेर टाकतो. खाली चिखलात निवट्या, म्हणजे मडस्किपर मासे, उड्या मारत होत्या. आई म्हणाली की तिच्या लहानपणी निवट्यांचं कालवण व्हायचं, पण पाण्याबाहेर त्या इतका वेळ बसतात हे तिने कधी थांबून पाहिलं नव्हतं. मी तिला हात धरून न्यायला आणलं होतं आणि दिवसभर तीच मला दाखवत होती.

साडेअकराला लाइफ जॅकेट घालून बोटीत बसलो. ठाणे खाडीचा हा भाग 2015 मध्ये रोहित पक्षी अभयारण्य म्हणून घोषित झाला. क्षेत्र 1690 हेक्टर, त्यातली 896 हेक्टर कांदळवनं. 2022 मध्ये खाडीला रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळीचा दर्जा मिळाला, नांदूर मधमेश्वर आणि लोणारनंतर महाराष्ट्रातला तिसरा. एका बाजूला मुंबई, दुसऱ्या बाजूला नवी मुंबई, वर विजेच्या तारांचे मनोरे, आणि मधल्या पाण्यात बगळे, शराटी, चित्रबलाक. वळणानंतर नावाड्याने इंजिन बंद केलं.

ते हजारोंनी होते. मला मोजता येत नाही आणि मोजायची इच्छाही झाली नाही. दोन जाती एकत्र होत्या. मोठा रोहित उंच, पांढरट, फिक्या गुलाबी चोचीला काळं टोक. लहान रोहित बुटका, जास्त गुलाबी, चोच काळपट लाल. करड्या रंगाचे काही होते ती पिल्लं. पिसांना गुलाबी रंग खाण्यातून येतो, तो चढायला वर्षं लागतात. बोट स्थिर झाल्यावर अगदी जवळच्या एकाकडे मी बघत राहिले. त्याने मान खाली घातली आणि डोकं पूर्ण उलटं केलं, वरची चोच खाली. त्याचा गळा शिलाई मशीनच्या सुईसारखा भराभर हलत होता. जिभेने पाणी आत ओढायचं, बाहेर ढकलायचं, आणि चोचीच्या आतल्या बारीक कंगव्यात शेवाळ अडकवायचं. असं हजारो चोचींचं एकदम चाललेलं, त्यामुळे खाडीवर भाताला उकळी फुटावी तसा सतत बारीक आवाज होता. इंजिन चालू असतं तर तो ऐकू आला नसता. चाळीस माणसं असती तरीही नाही.

परतताना निवृत्त काकांनी विचारलं, “पूर्ण भरतीला हा चिखल बुडतो, मग हे जातात कुठे?” दिवसातला सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न त्यांनी विचारला असं मला वाटतं. रोहित तेव्हा उथळ पाणथळींवर जातात: भांडुपच्या पंपिंग स्टेशनजवळ, नेरूळला. अभयारण्य खाडीत आहे, पण भरतीचे तास हे पक्षी वस्तीला लागून असलेल्या त्या तुकड्यांवर काढतात. त्या जागा बुजल्या तर नुसती खाडी वाचवून भागणार नाही. मे 2024 मध्ये घाटकोपरवर रात्री विमानाला धडकून 39 रोहित मेले, ती बातमी आम्हा सगळ्यांना आठवली आणि थोडा वेळ कुणी बोललं नाही.

नेरूळ आमच्या कार्यक्रमात नव्हतं. आईने घड्याळ पाहिलं. पाऊण वाजला होता. “भरती दीडला. खाडीत आत जरा उशिरा. दोनला ते थंय असतले,” ती म्हणाली. गाडीतच डबे उघडले, खाल्लं आणि गेलो.

दोनला दहा मिनिटं कमी असताना पाणथळीच्या बांधावर उभे राहिलो तेव्हा समोर थोडेच पक्षी होते. मग खाडीकडून पहिली रांग आली. माना पुढे, पाय मागे ताणलेले, पंखांखाली लाल आणि काळा रंग. उभ्याने कधी न दिसणारा. दुसरी रांग, तिसरी. इमारतींच्या अगदी वरून वळून ते पाण्यात उतरत होते, आणि उतरल्यावर चार पावलं धावून थांबत होते. मागच्या रस्त्यावर रिक्षा चालू होत्या. मैत्रिणीच्या मुलाने आईला विचारलं, “आजी, तुम्हाला कसं कळलं?” तिने त्याला बांधावर शेजारी बसवलं आणि पाऊणपट शिकवली. पंचमीला किती? पावणेचार. दशमीला? त्याने बोटांवर मोजून साडेसात सांगितलं.

बाकीचे निघाले तरी आई उठेना. म्हणाली, परत जाताना बघू दे. उन्हात पदर डोक्यावर घेऊन बसली. चार वाजायच्या सुमाराला कळपाच्या कडेचे काही पक्षी एकदम एका दिशेला तोंड करून चालायला लागले, मग धावले, मग उडाले, खाडीकडे. त्यांच्यामागे बाकीचे.

“सुकती लागली,” आई म्हणाली आणि उठायला हात पुढे केला.