भास होतोय, पण त्रास कुणाला?

कोल्हापुरात क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणून काम करताना "आईला बाहेरचं झालंय" हे वाक्य सारखं कानावर येतं, पण करवीर तालुक्यातल्या त्या आजींची केस मला अजून आठवते. नवरा गुऱ्हाळावर गुळव्या होता, दिवाळीच्या आधी वारला. आजी दोन ताटं वाढायच्या, रिकाम्या बाजेकडं बघून बोलायच्या. मुलानं देवऋष्याकडं न्यायचं ठरवलेलं, सुनेनं हट्ट करून आधी इकडं आणलं.

मी कार्डिफ अनॉमलस पर्सेप्शन्स स्केल घेतली, म्हणजे नसलेलं दिसणं, ऐकू येणं, वास येणं अशा अनुभवांची प्रश्नावली. बेल, हॅलिगन आणि एलिस यांची २००६ ची, ३२ प्रश्न. मला ती यासाठी आवडते की अनुभव येतो का एवढंच विचारून ती थांबत नाही, हो म्हटलं की त्याचा त्रास किती, त्यात मन किती अडकतं, कितीदा होतं हे १ ते ५ मध्ये विचारते. आजींना १ ते ५ काही जमेना, मग मी आण्यांत विचारलं. असं केलं की तो स्कोअर राहत नाही, रिपोर्टात आकडा टाकायचा नाही, पण माणूस बोलायला लागतो.

"आसपास नसलेला वास येतो का आजी?"

"येतो की, त्यांच्या तंबाखूचा."

"दिसत नाही पण कुणीतरी आहे असं वाटतं?"

"रोज."

"त्रास किती?"

"कसला तरास वो? एक आणा बी न्हाई. ते आलं की मला झोप लागती."

जेवण, झोप, आठवण ठीक, आवाज कसला हुकूम देत नव्हता. नसलेला वास येण्यामागं कधीकधी फिटचा आजार असतो म्हणून न्यूरॉलॉजिस्टला चिठ्ठी दिली. नुसते 'हो' मोजले असते तर आजी आजारी ठरल्या असत्या, आणि हे मला फार अन्यायाचं वाटतं.

मुलाला मी वेल्समधल्या डॉक्टर रीस यांचं १९७१ चं काम सांगितलं, २९३ विधवा-विधुरांशी ते बोलले, जवळपास निम्म्यांना गेलेला जोडीदार जाणवायचा आणि बहुतेकांनी ते कुणाला सांगितलंच नव्हतं. ऐकता ऐकता तो रडायलाच लागला. मग त्यालाही विचारलं, तुम्हाला त्रास किती?

"सोळा आणे, मॅडम. रात रात झोप न्हाई. आणि मला का येत न्हाईत ओ ते?"

पुढची अपॉइंटमेंट त्याच्या नावानं लिहिली.