डेबियन १२ आणि यादीत न दिसणारं वाय-फाय: माझा अनुभव

‘वाय-फाय चालत नाही’ एवढंच सांगून मदत मागितली की समोरून उत्तर येत नाही, प्रश्न येतात. आणि ते बरोबरच आहे. या तीन शब्दांमागे निदान पाच वेगळ्या गोष्टी असू शकतात. कार्ड ओळखलंच गेलं नसेल, ओळखलं गेलं पण ड्रायव्हर (कार्ड चालवणारा प्रोग्रॅम) नसेल, ड्रायव्हर असेल पण फर्मवेअर (खुद्द कार्डात भरावं लागणारं सॉफ्टवेअर) नसेल, चुकीच्या ड्रायव्हरनं कार्ड अडवून ठेवलं असेल, किंवा सगळं ठीक असून नुसतं विमानाचं चिन्ह असलेलं बटण दाबलं गेलं असेल. मी सोडवत होतो तो प्रश्न होता दहाएक वर्षं जुन्या लॅपटॉपवर नव्यानं टाकलेल्या डेबियन १२ या लिनक्स प्रणालीचा. केबल लावली की नेट चालत होतं, पण वाय-फायचा पर्यायच दिसत नव्हता.

मदत मागितली डेबियनच्या आयआरसी चॅनेलवर (आयआरसी म्हणजे लिहून गप्पा मारायची जुनी सोय). ते ओएफटीसी नावाच्या नेटवर्कवर आहे आणि तिथली माणसं फावल्या वेळात, बिनपैशाची उत्तरं देतात. ‘कोणी आहे का’, ‘एक विचारू का’ असं तिथे लिहायचं नाही. थेट प्रश्न टाकायचा आणि चॅनेल उघडं ठेवून थांबायचं. उत्तर दोन मिनिटांत येईल किंवा दोन तासांनी. बरेच मदतनीस युरोपातले असतात. आपल्याकडे रात्रीचे नऊ वाजतात तेव्हा तिकडे संध्याकाळचे साडेचार-साडेपाच झालेले असतात, त्यामुळे रात्री जेवणानंतर विचारलेल्या प्रश्नाला लवकर उत्तर मिळतं. सकाळी अकराला विचाराल तर तिथे बरेचसे झोपेतून उठत असतात.

कमांडचा निकाल दोन-तीन ओळींपेक्षा मोठा असेल तर तो चॅनेलमध्ये चिकटवायचा नाही. चॅनेलवरचा बॉट तुम्हाला बाहेर काढू शकतो. पेस्टबिनिट नावाचं पॅकेज आहे, त्याला फाइल दिली की तो मजकूर नेटवर चढतो आणि एक दुवा मिळतो. तो दुवा द्यायचा. चढवण्याआधी फाइल एकदा वाचा. कार्डाचा मॅक पत्ता, लॅपटॉपचं नाव, शेजारपाजारच्या वाय-फायची नावं असलं बरंच काही त्यात असतं.

इथे मराठी वापरणाऱ्यांसाठी एक महत्त्वाची गोष्ट. सिस्टीमची भाषा मराठी ठेवली असेल तर काही संदेश मराठीत येतात, आणि पोलंडमधल्या किंवा ब्राझीलमधल्या माणसाला त्यातलं काहीच कळत नाही. त्यासाठी सगळी सिस्टीम इंग्रजीत नेण्याची गरज नाही. कमांडच्या आधी, त्याच ओळीत, कॅपिटल अक्षरांत ‘एलसी_ऑल=सी’ लिहायचं. तेवढ्या एका कमांडचं उत्तर इंग्रजीत येतं, बाकी सगळं मराठीच राहतं. शोधयंत्रात चूक दाखवणारा संदेश टाकायचा असेल तेव्हाही हेच करतो.

पहिला प्रश्न आला: ‘एलएसपीसीआय’ ही कमांड ‘-एनएनके’ जोडून चालवा आणि निकाल दाखवा. यातले दोन एन कार्डाच्या नावासोबत त्याचा अंकी ओळख क्रमांक दाखवतात, आणि के मुळे सध्या कोणता ड्रायव्हर ते कार्ड सांभाळतोय हे कळतं. क्रमांक महत्त्वाचा, नाव नव्हे. लॅपटॉपचं मॉडेल सांगून उपयोग होत नाही, कारण एकाच मॉडेलमध्ये वेगवेगळ्या खेपेला वेगवेगळी कार्डं बसवलेली असतात. या लॅपटॉपमध्ये निघालं ब्रॉडकॉमचं बीसीएम४३१४२, क्रमांक १४ई४:४३६५. ड्रायव्हरच्या ओळीत ‘बीसीएमए-पीसीआय-ब्रिज’ असं होतं.

ते वाचून मदतनिसाला पुढचं सगळं कळलं होतं. बीसीएमए हा कर्नलमधला, म्हणजे सिस्टीमच्या मूळ प्रोग्रॅममधला, पायाभूत भाग आहे, कार्ड बघितलं की ते पकडून बसतो. त्याच्यावर चालणारा बी४३ हा मुक्त ड्रायव्हर मात्र ४३१४२ ला चालवू शकत नाही. म्हणजे कार्ड अडलेलं आणि वापरणारं कोणी नाही. नेटवर अजूनही जागोजागी ‘फर्मवेअर-बी४३-इन्स्टॉलर टाका’ असा सल्ला सापडतो. तो त्याच कंपनीच्या वेगळ्या, जुन्या चिपांसाठी आहे. इथे टाकला तर काहीही होत नाही, आणि फर्मवेअर टाकूनही वाय-फाय येत नाही म्हणून माणूस भलतीकडेच शोधत बसतो.

या चिपसाठी लागतो तो डब्ल्यूएल नावाचा ड्रायव्हर. डेबियनमध्ये तो ‘ब्रॉडकॉम-एसटीए-डीकेएमएस’ या पॅकेजमधून येतो. त्याचा गाभा बंद स्वरूपाचा (मूळ कोड उघड नसलेला), आवृत्ती ६.३०.२२३.२७१, आणि ती २०१५ ची आहे. त्यानंतर कर्नल कितीतरी बदललं. तरीही हा ड्रायव्हर आज चालतो, कारण गाभ्याभोवतीचं उघडं आवरण नव्या कर्नलशी जुळवून घेण्यासाठी स्वयंसेवक दरवेळी पॅच (कोडमधल्या छोट्या दुरुस्त्या) लिहितात. या पॅकेजच्या पोटात त्या पॅचांची एक लांबलचक रांगच आहे. ती उघडून बघा एकदा.

आता नेमकं कुठे अडतं ते सांगतो, कारण प्रश्न विचारणारे बहुतेक जण याच जागी थांबलेले दिसतात. २०२२ मध्ये डेबियनच्या सदस्यांनी मतदान करून ठरवलं की फर्मवेअर अधिकृत इन्स्टॉलरमध्येच द्यायचं. जून २०२३ मध्ये आलेल्या डेबियन १२ पासून ते लागू झालं आणि त्यासाठी डेबियनच्या पॅकेजांच्या साठ्यात ‘नॉन-फ्री-फर्मवेअर’ असा नवा विभाग निघाला. लोकांचा समज होतो की आता सगळं आपोआप मिळणार. पण डब्ल्यूएल हे फर्मवेअर नव्हे, ड्रायव्हर आहे, आणि तो जुन्या ‘नॉन-फ्री’ विभागातच आहे. इन्स्टॉलर तो विभाग आपणहून चालू करत नाही. मग ‘पॅकेज सापडत नाही’ असा संदेश येतो आणि माणसाला वाटतं की पॅकेजच काढून टाकलं.

तपासायचं कसं? एपीटी हे पॅकेज टाकण्याचं साधन; ‘एपीटी पॉलिसी’ आणि पुढे पॅकेजचं नाव लिहायचं. काहीच छापलं नाही किंवा ‘कँडिडेट’पुढे ‘नन’ दिसलं, तर विभाग चालू नाही. ‘ईटीसी’ फोल्डरातल्या ‘एपीटी’मध्ये ‘सोर्सेस.लिस्ट’ ही फाइल असते. तिथे बुकवर्मच्या (हे डेबियन १२ चंच नाव) प्रत्येक ओळीच्या शेवटी मेन, काँट्रिब, नॉन-फ्री आणि नॉन-फ्री-फर्मवेअर असे चारही शब्द हवेत. सुरक्षा अपडेटची आणि अपडेट्सची ओळ विसरू नका. मग एपीटी अपडेट.

इथेच काहींना ‘तुम्ही सुडोअर्स फाइलमध्ये नाही’ असं उत्तर मिळतं. इन्स्टॉल करताना रूटचा (मुख्य व्यवस्थापकाचा) पासवर्ड दिला असेल तर डेबियन पहिल्या वापरकर्त्याला सुडोचे, म्हणजे व्यवस्थापक म्हणून कमांड चालवण्याचे, अधिकार देत नाही. अशा वेळी ‘एसयू’ लिहून रूट व्हायचं, पण एसयूच्या पुढे जागा सोडून हायफन हवाच. हायफन नसेल तर रूट होता, पण व्यवस्थापनाच्या कमांड ज्या फोल्डरात असतात तिथे सिस्टीम शोधतच नाही आणि ‘मोडप्रोब’सारखी (ड्रायव्हर चढवणारी-उतरवणारी) साधी कमांडही ‘सापडत नाही’ म्हणते.

केबल नसेल तर फोन यूएसबीनं जोडून यूएसबी टिदरिंग चालू करा. बहुतेक अँड्रॉइड फोनांसाठी लागणारा ड्रायव्हर कर्नलमध्येच असतो, वेगळं काही टाकावं लागत नाही. फोन स्वतः वाय-फायवर असेल तर मोबाइल डेटाही खर्च होत नाही.

ड्रायव्हर टाकण्याआधी कर्नल ताजं करून एकदा रीस्टार्ट करायचं, हा चॅनेलवरून मिळालेला सगळ्यात कामाचा सल्ला. कारण असं: डीकेएमएस ही यंत्रणा ड्रायव्हर तुमच्याच मशीनवर तयार करते आणि त्यासाठी चालू कर्नलचे हेडर (त्याच्याशी जुळवून घ्यायला लागणाऱ्या फाइली) लागतात. पेन ड्राइव्हवरची आयएसओ (इन्स्टॉलरची फाइल) चार-सहा महिने जुनी असेल तर चालू कर्नल जुनं असतं. ‘लिनक्स-हेडर्स-एएमडी६४’ मात्र नेहमी सगळ्यात नव्या कर्नलचे हेडर आणतं. मग ड्रायव्हर तयार होतो तो भलत्याच कर्नलसाठी. इन्स्टॉल यशस्वी, चूक कुठेच दिसत नाही, आणि वाय-फाय नाही. म्हणून क्रम ठेवा: ‘लिनक्स-इमेज-एएमडी६४’ अपडेट, रीस्टार्ट, ‘यूनेम -आर’नं आकडा बघा, मग हेडर, मग ब्रॉडकॉम-एसटीए-डीकेएमएस.

झालं की ‘डीकेएमएस स्टेटस’. इथे तीनपैकी एक शब्द दिसतो. ‘अ‍ॅडेड’ म्हणजे नुसता कच्चा माल आलाय, ‘बिल्ट’ म्हणजे तयार झाला पण जागेवर बसलेला नाही, आणि ‘इन्स्टॉल्ड’ हवं असतं ते. त्याच ओळीतला कर्नलचा आकडा यूनेमच्या आकड्याशी अक्षरशः जुळला पाहिजे. ६.१.० नंतरचा छोटा आकडासुद्धा.

पॅकेज बीसीएमए, बी४३, एसएसबी वगैरे मंडळींना पुढच्या वेळेपासून काळ्या यादीत टाकतं, पण आत्ता चालू असलेली तशीच राहतात. एकतर रीस्टार्ट करा किंवा ‘मोडप्रोब -आर’नं ती उतरवा आणि ‘मोडप्रोब डब्ल्यूएल’ म्हणा.

मी ते म्हटलं आणि उत्तर आलं ‘की वॉज रिजेक्टेड बाय सर्व्हिस’, म्हणजे चावी नाकारली.

हा सिक्युअर बूटचा नकार आहे. सिक्युअर बूट चालू असलं की डेबियनचं कर्नल ओळखीची सही नसलेलं कुठलंही मॉड्यूल (ड्रायव्हरसारखा जोडभाग) आत घेत नाही, आणि घरी तयार झालेल्या ड्रायव्हरवरची सही मशीनच्या ओळखीची नसते. इथे चॅनेलवर दोन मतं पडली. एकाचं म्हणणं, बायोसमध्ये जाऊन सिक्युअर बूट बंद करा, काम संपलं. दुसऱ्याचं म्हणणं, सही करणारी स्वतःची चावी नोंदवा. पहिला मार्ग खरंच सोपा आहे, पण त्याच डिस्कवर विंडोज असेल आणि बिटलॉकर (डिस्क कुलूपबंद ठेवणारी विंडोजची सोय) चालू असेल तर सिक्युअर बूट बंद केल्यावर विंडोज उघडताना रिकव्हरी की मागू शकतं. ती की कुठे लिहून ठेवली हे फार थोड्यांना आठवतं. मला दुसराच मार्ग पटतो.

डेबियन १२ मधलं डीकेएमएस पहिलाच ड्रायव्हर तयार करताना स्वतःची चावी बनवतं. ती ‘व्हार’, ‘लिब’, ‘डीकेएमएस’ या वाटेवर ‘मोक.पब’ नावानं असते. ‘मोकयुटिल’ला ‘--इंपोर्ट’ आणि त्या फाइलचा पत्ता द्यायचा. तो एक पासवर्ड दोनदा विचारतो. हा पासवर्ड एकदाच वापरायचा असतो, त्यामुळे साधी इंग्रजी अक्षरं नि आकडेच ठेवा. पुढच्या पडद्यावर कीबोर्डची मांडणी अमेरिकी असते आणि विशेष चिन्हं घात करतात. मग रीस्टार्ट. निळा पडदा येतो आणि कुठलीही कळ दाबायला सांगतो, पण तो काही सेकंदच थांबतो. दाबली नाही तर मशीन गुपचूप पुढे जातं, नोंदणीची विनंती रद्द होते आणि इंपोर्टपासून परत सुरुवात. चहा ठेवायला जाऊ नका. पडद्यावर ‘एनरोल मोक’, ‘कंटिन्यू’, ‘येस’, पासवर्ड, ‘रीबूट’. हे एकदाच करायचं. पुढच्या प्रत्येक कर्नलसाठी डीकेएमएस त्याच चावीनं सही करतं.

यानंतर ‘डीमेसेज’मध्ये, म्हणजे कर्नलच्या संदेशांत (रूट म्हणूनच चालतं, साध्या वापरकर्त्याला डेबियन ते दाखवत नाही) ब्रॉडकॉमची ओळ आली. तिथे चिपचं नाव बीसीएम४३६५ असं दिसतं, ४३१४२ नाही. घाबरू नका, तो ओळख क्रमांकाचाच शेवटचा भाग आहे. नेटवर्कची यादी भरली. फक्त २.४ गिगाहर्ट्झची, कारण हे कार्ड ५ गिगाहर्ट्झ जाणतच नाही. राउटरवर दोन्ही पट्ट्यांना वेगळी नावं असतील तर एक नाव कायमचं अदृश्य राहणार, त्याला ड्रायव्हर काही करू शकत नाही.

ब्लूटूथ त्याच कार्डावर असलं तरी ते आतून यूएसबीनं जोडलेलं असतं आणि त्याची कथा वेगळी. डीमेसेजमध्ये ‘बीसीएम४३१४२ए०’नं सुरू होणारी, ‘.एचसीडी’नं संपणारी फाइल सापडत नसल्याची तक्रार दिसते. मला ब्लूटूथ नको होतं, सोडून दिलं.

डब्ल्यूएल लोड झाला की कर्नलवर बंद मॉड्यूलचा शिक्का बसतो आणि त्या अवस्थेतल्या बिघाडाची तक्रार कर्नलचे विकासक सहसा बघत नाहीत. म्हणून दुसरं काही बिघडलं तर आधी डब्ल्यूएल उतरवून, केबलवर तोच बिघाड पुन्हा येतो का ते बघायचं, मग विचारायचं. रोजच्या वापरासाठी हे सगळं झेपणार नसेल तर एआर९२७१ चिपचा छोटा यूएसबी अडॅप्टर लावावा. त्याचा ड्रायव्हर कर्नलमध्ये आहे आणि फर्मवेअरसुद्धा मुक्त, डेबियनच्या मेन विभागात. तोही २.४ गिगाहर्ट्झच, पण चावी नको, हेडर नको.

बॅकपोर्ट्समधून (नव्या आवृत्त्या देणारा डेबियनचा वेगळा साठा) नवं कर्नल घेतलं तर हा ड्रायव्हर कधीतरी तयार होणार नाही हे धरून चाला. ‘बॅड रिटर्न स्टेटस’ असा संदेश येतो, त्यानंतर एपीटी दरवेळी अर्धवट राहिलेल्या पॅकेजची तक्रार करत राहतं. ग्रबच्या (मशीन सुरू होताना दिसणाऱ्या यादीच्या) ‘अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स’मधून जुनं कर्नल निवडलं की वाय-फाय परत येतं, म्हणून जुनं कर्नल काढून टाकू नका. खरी चूक त्या संदेशात नसतेच. ती डीकेएमएसच्या फोल्डरात ड्रायव्हरच्या नावाखाली, ‘बिल्ड’मधल्या ‘मेक.लॉग’ या फाइलमध्ये असते. त्यात ‘एरर’ हा शब्द पहिल्यांदा जिथे येतो ती ओळ बघा, शेवटची नव्हे. मग डेबियनच्या बग नोंदींमध्ये या पॅकेजखाली तीच ओळ आधी कोणी दिली आहे का ते शोधा. नसेल तर ‘रिपोर्टबग’ चालवा, कर्नलचा पूर्ण आकडा लिहा आणि मेक.लॉग जोडा. आधीच नोंद असेल तर नवी उघडू नका, तिच्याच क्रमांकावर ईमेल पाठवा. तिथे बरेचदा कोणीतरी पॅच टाकलेला असतो आणि वाट बघत असतो तो आपल्या मशीनवर चालला असं सांगणाऱ्या दुसऱ्या कोणाची.