सोया-मधाच्या सॉसमधले ओव्हन मीटबॉल्स - माझा अनुभव

आमच्याकडे खिमा आणला की एकतर खिमा-पाव नाहीतर कोफ्ता करी, पण हे ओव्हनमधले गोड-खारे मीटबॉल्स कधीचे करायचे होते, मुख्य म्हणजे तळणीचा घाट नको होता, तर रविवारी लागला एकदाचा मुहूर्त. चिकनवाल्याकडे बोनलेस लेगचा खिमा मागितला, तो म्हणे ताई ब्रेस्टचा घ्या, पांढरा मस्त येतो, पण ब्रेस्टमध्ये चरबी कमी, ओव्हनमध्ये कोरडा पडतो, म्हणून मी ऐकलं नाही. आणि चिकन धुवायचं असेल तर मशीनमध्ये घालायच्या आधीच धुवून निथळायला सांगा, खिमा घरी आणून धुतला तर पाणी काही केल्या निघत नाही आणि गोळे वळतच नाहीत.

अर्धा किलो खिम्यात एक अंडं, अर्धी वाटी ब्रेडचा चुरा, पातीचा कांदा, किसलेलं आलं-लसूण, मोठा चमचाभर सोया सॉस, मिरपूड, बास. हात सवयीने गरम मसाल्याच्या डब्याकडे जातो, त्याला आवरा! कणकेसारखं मळायचं नाही, रबरी होतात, सगळं एकत्र झालं की थांबायचं. तेलाचा हात लावून लिंबाएवढे गोळे केले, थोडा वेळ फ्रीजमध्ये ठेवले, मग २०० डिग्रीवर गरम केलेल्या ओटीजीत बटर पेपरवर साधारण १८ मिनिटं, मधे एकदा उलटून. खाली पांढरं काहीतरी जमतं ते प्रोटीनच असतं, घाबरू नका. थर्मामीटर असेल तर आतून ७४ डिग्री झालं पाहिजे.

आता सॉस, खरी मजा यातच. जपानमध्ये चिकनचे असे गोळे काडीला टोचून निखाऱ्यावर भाजतात, त्सुकुने, आणि वर सोया सॉस, साखर आणि मिरिन म्हणजे तांदळाच्या गोड दारूचा सॉस लावतात, मिरिन माझ्याकडे कुठलं असायला, मी पाव वाटी सोया, तेवढंच पाणी, तीन चमचे मध, चमचाभर व्हिनेगर, आलं-लसूण आणि चिली फ्लेक्स उकळले, थंड पाण्यात कालवलेलं कॉर्नफ्लोर घातलं की दोन मिनिटांत चकाकी येते. मीठ अजिबात नाही, सोयातच भरपूर असतं. सॉस आधीपासून लावून भाजू नका, मध जळून कडू होतो, चिकट थर हवा असेल तर शेवटची तीन-चार मिनिटंच. आणि जपानी स्वयंपाकातलं तिळाचं तेल भाजलेल्या तिळाचं असतं, आपल्या साध्या तिळाच्या तेलाला तो वास नाही, म्हणून मी सरळ तीळ खरपूस भाजून वरून घातले.

गरम भाताबरोबर संपले. सासूबाईंना जरा गोड वाटले, त्यांनी लिंबू पिळून भाकरीशी खाल्ले, आणि खरं सांगू, ते लिंबू मलाही आवडलं, पुढच्या वेळी व्हिनेगरऐवजी तेच घालणार.