ती शांत वाढली

परवा एक कथा भाषांतराला आली. कच्चा खर्डा यंत्राने केलेला, मी फक्त हात फिरवायचा. तिसऱ्या पानावर वाक्य होतं, ‘हे ऐकून ती शांत वाढली.’ दोनदा वाचलं. मूळ इंग्रजी उघडलं तर तिथे ‘शी ग्रू सायलेंट’. म्हणजे ती बोलता बोलता गप्प झाली. यंत्राला ‘ग्रो’ म्हणजे वाढणे एवढंच ठाऊक, त्याने बिचारीला बसल्या जागी वाढवून टाकली.

हसून झालं, मग आठवलं की शाळेत आपणही हेच घोकलं होतं. ग्रो, ग्रू, ग्रोन, वाढणे. विषय संपला. प्रत्यक्षात इंग्रजी माणूस ‘ग्रो’ होऊन थकतो, कंटाळतो, म्हातारा होतो. एवढंच काय, लांब जाणारी आगगाडी लहान लहान दिसू लागली तरी ‘इट ग्रू स्मॉलर’. वाढत वाढत लहान झाली! आपण तिथे ‘होत गेली’ म्हणतो, नाहीतर ‘चालणे’ जोडतो. थकत चालला, विटत चाललं, विसरत चाललोय. यात वाढ नाही, चाल आहे. मला ही चाल जास्त आवडते, पण ते घरचं म्हणूनही असेल.

‘ग्रो’ मूळचा हिरवळीतला. ‘ग्रीन’ आणि ‘ग्रास’ ही त्याची सख्खी भावंडं. जुन्या इंग्रजीत तो मुख्यतः झाडापाल्यापुरता होता. माणसं, जनावरं, चंद्र यांच्या वाढीला वेगळा शब्द होता, ‘वॅक्स’. जर्मनमध्ये त्याचा भाऊ ‘वाक्सन’ अजून ठणठणीत आहे. इंग्रजीत मात्र ‘ग्रो’ने गवताचा धर्म पाळला, कुंपण ओलांडलं आणि शेजारचं आवारही व्यापलं. ‘वॅक्स’कडे बोलण्यात उरला जवळजवळ फक्त चंद्र. शुक्ल पक्षातला चंद्र म्हणजे ‘वॅक्सिंग मून’. (सलूनमधलं वॅक्सिंग निराळं. त्याने वाढ होत नाही, उलट.)

कोशात ‘ग्रो’पुढे समानार्थी शब्दांची रांग लागते. रांगेतले सगळे एका उंचीचे वाटतात, पण प्रत्येकाच्या खिशात वेगळं चित्र असतं. ‘डेव्हलप’ फ्रेंचमधून आला, त्याचं चित्र गुंडाळलेलं उलगडण्याचं. रोलच्या कॅमेऱ्यांच्या काळात फोटो ‘डेव्हलप’ करायला द्यायचे, तिथे हा शब्द अगदी चपखल बसायचा. फिल्मवर छबी आधीच उमटलेली असायची, रसायनात ती फक्त उघडी पडायची. ‘ऑगमेंट’ म्हणजे भर घालणे. त्याच्या लॅटिन घराण्यात ‘ऑक्शन’ आहे, जिथे बोली चढत जाते, आणि ‘ऑथर’सुद्धा आहे. लेखक म्हणजे भर घालणारा! शब्दमर्यादा घालून देणाऱ्या संपादकांना हे एकदा सांगून बघणार आहे. ‘इन्क्रीज’चं कूळ ‘क्रेसेंट’चं, म्हणजे चंद्राच्या वाढत्या कोरीचं, पण आज तो पुरता हिशेबनीस झालाय. गर्दी, पगार, रक्तदाब, जे आकड्यात बसतं ते त्याचं. मूल ‘इन्क्रीज’ होत नाही, मुलांची संख्या होते.

‘अडल्ट’ हा लॅटिनमध्ये ‘वाढून झालेला’ आणि ‘अडोलसंट’ हा ‘वाढत असलेला’, एकाच क्रियापदाची दोन रूपं. आपल्याकडे तसाच ‘वृध्’ धातू. त्यावरून वृद्धी, वर्धापन, आपली साधी ‘वाढ’, आणि ‘वृद्ध’. वृद्ध म्हणजे अक्षरशः वाढलेला. व्याकरणाच्या डोळ्यांनी पाहिलं तर ‘अडल्ट’ आणि ‘वृद्ध’ हे एकच प्रमाणपत्र. एकाने ते मिसरूड फुटल्यावर दिलं, दुसऱ्याने केस पिकेपर्यंत राखून ठेवलं. आणि हाच धातू पाणिनीच्या अष्टाध्यायीच्या अगदी तोंडाशी उभा आहे. पहिलं सूत्र ‘वृद्धिरादैच्’. आ, ऐ, औ या स्वरांना वृद्धी म्हणायचं, एवढाच त्याचा अर्थ. लगेच पुढच्या सूत्रात ‘गुण’ ही संज्ञा शेवटी येते, इथे मात्र ‘वृद्धि’ सुरुवातीला. पाणिनीवर भाष्य लिहिणाऱ्या पतंजलीचं म्हणणं, हे मंगलासाठी. व्याकरणासारख्या रुक्ष विषयाचा आरंभही वाढीच्या नावाने व्हावा!

खरी गंमत वाढवण्यात आहे. इंग्रजीत टोमॅटो ‘ग्रो’ करतात, दाढी ‘ग्रो’ करतात, पण मुलं नाही. मुलांसाठी ‘रेज’ किंवा ‘ब्रिंग अप’, म्हणजे उचलून वर आणायचं. मराठीत दाढी वाढवतात आणि मुलंही वाढवतात. भाजी मात्र पिकवतात. धंदाही आपण कधीपासून वाढवत आलोय. इंग्रजीतल्या शुद्धलेखनवाल्यांना मात्र ‘ग्रो द बिझनेस’ सहन होत नव्हतं. 1992 च्या निवडणुकीत बिल क्लिंटन ‘ग्रो द इकॉनॉमी’ म्हणत फिरले, तेव्हा अर्थव्यवस्था काय कोबी आहे का, अशा थाटाची नाकं मुरडली गेली. आता तेच सगळीकडे चालतं. ‘निगेटिव्ह ग्रोथ’सुद्धा चालतं, ज्याला आपल्याकडे ‘घट’ हा दोन अक्षरी, स्वच्छ शब्द आहे. कंपनीच्या अहवालात ‘ग्रोथ’ नसेल तर चेहरे पडतात, डॉक्टरी तपासणीच्या अहवालात असेल तर.

भांडणात इंग्रज ‘ग्रो अप’ म्हणून आज्ञा सोडतो. आपण विचारतो, ‘आता तू लहान आहेस का?’ उत्तर अर्थातच नको असतं.

आणि तो शर्ट. मुलाचा गेल्या वर्षीचा शर्ट काढला, बाह्या मनगटाच्या चार बोटं वर, पोटावरचं बटण लागेना. इंग्रजीत मूल तो शर्ट ‘आउटग्रो’ करतं, कर्तबगारी मुलाची. आपण म्हणतो, ‘शर्ट लहान झाला.’ शर्ट होता तेवढाच आहे, घडी करून कपाटात पडला होता. वाढलं पोरगं, आणि ठपका कापडावर.

कथेतल्या तिला मी ‘गप्प होत गेली’ करून पुढे सरकले. शेवटच्या पानावर ‘द साँग ग्रू ऑन हिम’ आलं. यंत्राने लिहिलं होतं, ‘गाणं त्याच्यावर उगवलं.’ हात थांबला. पावसाळी भिंतीवर शेवाळ धरावं तसं एखादं गाणं माणसावर धरलेलं दिसायला लागलं, आधी खांद्यावर, मग मानेवर, ओलं, हिरवं. मग खोडलं आणि लिहिलं, ‘गाणं त्याला हळूहळू आवडू लागलं.’ बरोबर आहे. शेवाळ गेलं.