खोडवा, निडवा आणि सँटोरिनीची बाटली

ग्रीसच्या सँटोरिनी बेटावरून आणलेली पांढऱ्या वाईनची बाटली आठ महिने कपाटात पडून होती. जानेवारीत तीच पिशवीत घालून कोल्हापूरला निघालो. मित्राच्या घरचा पांढरा रस्सा आणि ही वाईन एकदा समोरासमोर बसवायची होती. कराडच्या पुढंपर्यंत झोपलो, त्यामुळे वाटेचं वर्णन नाही.

मित्राचं गाव प्रयाग चिखलीच्या अंगाला, नदीकाठी. घरचं गुऱ्हाळ. पोचलो तेव्हा चुलवाणात चिपाडाचा जाळ धडधडत होता आणि भेंडीच्या रसानं वर आलेली मळी एक पोरगा झाऱ्यानं काढत होता. गुळव्या, म्हणजे गूळ शिजवणारा गडी, थोडा पाक गार पाण्यात टाकायचा, बोटांनी गोळी वळायचा, मान हलवून पुन्हा जाळाकडे. चौथ्या खेपेला त्यानं गोळी काहिलीच्या काठावर आपटली. टण्ण! लगेच चौघांनी काहील उतरवली. मी फोन काढेपर्यंत सगळं गार करायच्या वाफ्यात ओतून झालेलं.

मित्राचे काका माळकरी. बाटली हातात घेऊन त्यांनी विचारलं, “ह्यावर काय ल्हिवलंय?”

सांगितलं. द्राक्षाची जात असिर्टिको, मूळची त्याच बेटावरची. खाली एका शेताचं नाव, म्हणजे सगळी द्राक्षं त्याच एका तुकड्यातली, दुसऱ्या रानाचा माल मिसळलेला नाही. आणि वेली जुन्या.

“मग त्यात नवं काय? आमी बी नदीकाठचा आन् माळावरचा ऊस एका काहिलीत घालत न्हाई. चोपण रानाचा गूळ तर जिभंवर ठेवला की खारट लागतोय.” थोडं थांबून म्हणाले, “पर गुळाच्या सौद्यात रंग बघत्यात. रान कोन इचारतंय?”

जुन्या वेलींवर मात्र ते अडले. त्यांच्या पाव्हण्यांची तासगावला बाग आहे, त्यामुळे डॉगरिज जातीच्या खुंटावर, म्हणजे दुसऱ्या वेलीच्या मुळावर, कलम, खरड छाटणी, गोडी छाटणी हे सगळं त्यांना ठाऊक. बाग थकली की काढायची. शंभर वर्षं कशाला ठेवायची?

मग मी सँटोरिनीचं सांगितलं. १८६० नंतर फायलोक्झेरा नावाची, माव्याच्या जातकुळीतली कीड युरोपभर द्राक्षाची मुळं खात सुटली. तेव्हापासून तिकडं बहुतेक वेली अमेरिकी खुंटावर बांधतात, कारण ती मुळं ही कीड सोसतात. सँटोरिनीची जमीन ज्वालामुखीच्या राखेची, चिकणमाती जवळजवळ नाही. त्यात ही कीड तगत नाही, म्हणून वेली अजून स्वतःच्याच मुळांवर उभ्या आहेत. उभ्या तरी कुठल्या! वाऱ्यापासून घड वाचावेत म्हणून वेल जमिनीलगत गोल गोल विणत नेतात, थेट बुट्टीसारखी, आणि घड आत. पाऊस नावाला. रात्री समुद्रावरून येणारं धुकं आणि दव, त्यावर भागतं. पाऊणशे वर्षांनी वगैरे उतारा, म्हणजे पीक, फार घटला की बुंधा कापतात आणि जुन्याच मुळातून नवा फुटवा धरतात.

काका हसले. “मग ह्यो खोडवाच की ओ!”

एवढ्या नेमक्या शब्दात मला कुणी हे समजावलं नव्हतं. लागणीचा ऊस तोडला की त्याच बुडख्यातून येतो तो खोडवा, त्यानंतरचा निडवा. “पर आमी निडव्याच्या फुडं जात न्हाई. वजन कुटं भरतंय?”

मुद्दा बरोबर आहे. जुन्या वेलीला माल कमी येतो, आणि नुसत्या वयानं वाईन चांगली होते असंही नाही. ‘जुनी’ म्हणजे किती, हे बहुतेक देशांत कायद्यानं ठरलेलं नाही. ऑस्ट्रेलियाच्या बरोसा खोऱ्यातल्या लोकांनी २००९ साली स्वतःच ३५ वर्षांची रेघ आखली. बाकी ठिकाणी बाटलीवरच्या शब्दावर भरवसा. काकांच्या लहानपणीचा पुंड्या ऊस मऊ, दातानं सोलता येणारा. तो असाच उताऱ्यापुढे मागे पडला. आता शिवारात सगळीकडे ८६०३२ नंबरची जात, गुळासाठी कुणी ९२००५ लावतं. सँटोरिनीत असिर्टिको टिकली, कारण इतक्या उन्हातही तिचा आंबटपणा मोडत नाही.

रात्री काकांचं पिठलं-भाकरीचं ताट वेगळं. प्यायचं नव्हतं, पण वास घ्यायला माळ आड येत नाही म्हणाले. ग्लास नाकाशी धरून बराच वेळ बसले. “लिंबू. आन् चुन्याची निवळी.”

मी घोट घेतला. निवळीच! शेवटी जिभेवर खारटपणा राहतो. काकांच्या हिशेबात हा दोष, आणि तिकडं ह्याचेच पैसे मोजतात. पांढऱ्या रश्शाशी, त्यातल्या नारळाच्या दुधाशी आणि तिळाशी, वाईन झकास बसली. तांबड्यापुढे पार उताणी पडली. तिखटावर १४ टक्के मद्यार्क म्हणजे आगीत तेल.

निघताना काकांनी रिकामी बाटली मागून घेतली, विसळली आणि काकवीनं भरून परत दिली. बूच सैल होतं. स्वारगेटला उतरलो तेव्हा पिशवी चिकट झाली होती, आणि सकाळी बघतो तर त्या शेताच्या नावावर मुंग्यांची रांग.