आमची वाटचाल: पंपाच्या बेंचपासून सुपरचार्जरपर्यंत

आमचं शेड छत्रपती संभाजीनगरच्या चिकलठाणा एमआयडीसीत आहे, जालना रोडच्या आतल्या बाजूला. बोर्डावर आजपण "डिझेल पंप व नोझल" एवढंच लिहिलेलं आहे, म्हणजे इंजिनाला डिझेल मापून देणारा पंप आणि ते आत फवारणारं नोझल, यांची दुरुस्ती. बरेच जण विचारतात की पंपवाले तुम्ही, पेट्रोल गाडीला सुपरचार्जर बसवायला कुठून लागलात, आणि फोनवर एवढं सगळं सांगणं होत नाही म्हणून एकदा नीट लिहून काढतोय.

सुरुवात अण्णांनी केली, म्हणजे माझ्या वडलांनी, जालन्यात. ट्रक, ट्रॅक्टर, बोअरच्या गाड्या यांचे इनलाइन पंप बांधायचे. पुढं वाळूजला १९८५ ला बजाजचा कारखाना आला, त्याच्या मागं शंभर छोटेमोठे वर्कशॉप उभे राहिले आणि अण्णांनी बिऱ्हाड इकडं हलवलं. ज्यांनी पंपाचं टेस्ट बेंच बघितलं नसेल त्यांच्यासाठी सांगतो, पंप बेंचवर चढवायचा, मोटरने फिरवायचा, आणि प्रत्येक नोझलमधून पडणारं डिझेल समोरच्या काचेच्या नळ्यांमधे जमा होतं. ठरलेले स्ट्रोक झाले की थांबवायचं आणि नळ्यांची पातळी डोळ्यासमोर धरून बघायची, चारही सारख्या पाहिजेत. एक जरी नळी कमी भरली की अण्णा परत पंप उघडायचे, गिऱ्हाईक कितीबी घाईत असूद्या. आवाजावरून पंप सेट करणारे मिस्त्री तेव्हा भरपूर होते, त्यांची कामं पटकन पण व्हायची. अण्णांनी तसं कधी केलं नाही.

दुष्काळाची वर्षं आम्ही बघितली. २०१६ ला लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं ते साऱ्या देशानं टीव्हीवर बघितलं, आमच्याकडं त्याचा अर्थ असा होता की ट्रॅक्टरवाला शेतकरी पंप खोलायला पैसे कुठून आणणार, ती कामं बंदच पडली. पण पाण्याचे टँकर रात्रंदिवस पळत होते आणि त्यांचे पंप, नोझल यांच्यावर शेड चाललं. टँकरवाल्यांचे पैसे उशिरा यायचे पण यायचे. त्याच्या पाठोपाठ दुसरा बदल आला, गाड्यांच्या धुराचे सरकारी नियम, २०१७ ला बीएस फोर आणि २०२० ला बीएस सिक्स, सगळ्या नव्या डिझेल गाड्या कॉमन रेलवर, म्हणजे कॉम्प्युटरनं चालणाऱ्या जास्त दाबाच्या इंधन पद्धतीवर गेलेल्या, जुन्या पंपाचं काम दर वर्षी कमी. आम्ही कर्ज काढून कॉमन रेलचं बेंच घेतलं आणि टर्बो दुरुस्ती सुरू केली. टर्बोच्या कामाला इथं गिऱ्हाईक होतंच, शेंद्र्याला स्कोडाचा कारखाना, त्यामुळं गावात ऑक्टाव्हिया भरपूर, त्यातल्या आरएसमधे तर १.८ लिटरचं टर्बो पेट्रोल इंजिन होतं. ती पहिली पेट्रोल टर्बो आमच्या हाताखालून गेली आणि मला पेट्रोलची गोडी लागली.

आता सुपरचार्जर.

पैठणकडचे एक बागायतदार आहेत, मोसंबीवाले, त्यांना आम्ही दादा म्हणतो. त्यांच्याकडं जिप्सी, १२९८ सीसी, सोळा व्हॉल्व्ह, कंपनीचा आकडा ८० हॉर्सपॉवर. ते ऑफरोडच्या स्पर्धेत जातात आणि चिखलाच्या चढावर खालच्या आरपीएमला गाडी दम सोडते हे त्यांचं दुखणं. त्यांनी बाहेरून एक किट मागवलं, जपानच्या आयसिनचा एएमआर ५०० ब्लोअर, ब्रॅकेट, पुली, पाइप, आणि सगळं खोक्यात घेऊन शेडवर आले, "एवढं बसवून द्या, दोन दिवसाचं काम आहे म्हणतेत."

टर्बो काय, सुपरचार्जर काय, दोन्ही इंजिनात जादा हवा ढकलतात. टर्बो धुरावर फिरतो, सुपरचार्जर बेल्टवर, क्रँकच्या पुलीवरनं. म्हणून त्याला थांबावं लागत नाही, पाय दाबला की हवा तयार. दादांचा ब्लोअर रूट्स पद्धतीचा, तो अमेरिकेतल्या रूट्स भावांनी १८६० मधे पेटंट केला, तोपण गाडीसाठी नाही, आणि मर्सिडीजनं १९२१ ला सुपरचार्जरच्या मोटारी बाजारात दाखवल्या. म्हणजे वस्तू शंभर वर्षं जुनी आहे, त्यात जादू काही नाही, हिशेब आहे.

तो हिशेब मी दादांना बॉनेटवर खडूनं लिहून दाखवला. चार स्ट्रोकचं इंजिन एका फेऱ्याला आपल्या सीसीच्या निम्मी हवा ओढतं, म्हणजे जिप्सी साधारण ६५०. ब्लोअर एका फेऱ्याला ५०० सीसी ढकलतो. बरोबरीनं फिरवला तर तो इंजिनालाच कमी पडतो, दीडपट फिरवला तर ७५०, दुप्पट फिरवला तर १०००. यातली काही हवा रोटरच्या फटीतून मागं येते, त्यामुळं कागदावरचा आकडा पूर्ण मिळत नाही, पण सगळा खेळ पुलीच्या साइजवर आहे हे समजतं. किटमधे दुपटीच्या जवळ जाणारी छोटी पुली होती. आम्ही मधली पुली निवडली, बूस्ट म्हणजे हवेचा जादा दाब ५ ते ६ पीएसआयच्या आत राहील अशी, कारण आतलं पिस्टन, रॉड, हेड गॅस्केट सगळं कंपनीचंच राहणार होतं.

त्याच्या आधी कम्प्रेशन टेस्ट, म्हणजे प्रत्येक सिलिंडर किती दाब धरतो ते मोजायचं. चारही सिलिंडरमधे दहा टक्क्याच्या वर फरक असेल तर आम्ही किटला हातच लावत नाही, आधी इंजिन बांधा. दादांची जिप्सी पास झाली.

ब्रॅकेट मात्र बसेना. किट बनवणाऱ्यानं दुसऱ्या देशातली गाडी धरून बनवलेलं, आपल्या जिप्सीला अल्टरनेटरचा कान आडवा येतो. इथं आपल्या गावाची ताकद कामाला आली. वाळूजला लेझर कटिंगवाला, सीएनसीवाला, हार्ड अॅनोडायझिंगवाला सगळे चार गल्ल्यांत आहेत, आमचा एक पोरगा इंडो-जर्मन टूल रूमला शिकलेला, त्यानं पुठ्ठ्याचं टेम्प्लेट कापलं, मापं घेतली, बारा एमएमच्या प्लेटचं नवीन ब्रॅकेट काढून आणलं आणि क्रँकवर बसायची रिबवाली जादा पुली टर्न करून घेतली. पुण्या-मुंबईला वाट बघावी लागली असती ते इथं सायकलवर झालं.

बेल्ट लाइन हा विषय लोक सगळ्यात हलक्यात घेतात. तीन पुल्या एका रेषेत पाहिजेत, अगदी एक एमएमचा फरकपण चालत नाही. आम्ही ग्राउंड केलेली पट्टी क्रँकच्या पुलीला टेकवून ब्लोअरच्या पुलीपर्यंत नेली, फिलर गेज घालून फट बघितली, शिम टाकली, परत बघितली. मग गाडी चालू करून दोन्ही पुल्यांवर पांढरी खूण मारून टॅकोमीटरनं दोन्हीकडचे फेरे मोजले. साडेचार हजारच्या वर गेलं की ब्लोअरचे फेरे हिशेबापेक्षा कमी यायला लागले आणि पुलीच्या कडेला काळी रबराची भुकटी दिसली. म्हणजे बेल्ट सरकतोय. बेल्ट ताणून बघायचा मोह होतो पण त्यानं ब्लोअरचं बेअरिंग मरतं, त्यापेक्षा आयडलर पुलीची जागा बदलून बेल्टची पकड ब्लोअरच्या पुलीभोवती वाढवली. परत मोजलं, आकडे जुळले.

मग इंधन. हवा जास्त गेली म्हणजे पेट्रोलपण जास्त पाहिजे, नाहीतर पिस्टनला भोक. मोठे इंजेक्टर घेतले आणि ते आधी अण्णांच्या पद्धतीनं नळ्यांत पाडून बघितले, चारातला एक कमी देत होता, तो परत पाठवला. नवीन माल आहे म्हणून विश्वास ठेवायचा नसतो. कंपनीचा मॅप सेन्सर, म्हणजे हवेचा दाब मोजणारा, बूस्ट ओळखत नाही, तो बदलला, वेगळा प्रोग्रॅम होणारा ईसीयू, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर लावला, क्रँककेसमधली वाफ बाहेर काढणाऱ्या पीसीव्ही लाइनला वनवे व्हॉल्व्ह टाकला नाहीतर बूस्ट उलटा क्रँककेसमधे घुसून सील फाडतो, प्लग एक नंबर थंड घेतले आणि गॅप कमी केला. हलक्या पायानं चालवताना हवा बायपास व्हॉल्व्हमधनं फिरते त्यामुळं ब्लोअरवर लोड येत नाही. त्याची व्हॅक्यूमची नळी मात्र नीट लागलीय का ते बघा, ती सुटली तर एकतर बूस्ट येतच नाही नाहीतर ब्लोअर कायम लोडवर राहतो.

आणि आपलं पेट्रोल आता ई२० आहे, म्हणजे वीस टक्के इथेनॉलवालं. जुन्या मीटरवर एका भाग पेट्रोलला १४.७ भाग हवा हे प्रमाण बघून ट्यून करणारे अजून आहेत, पण इथेनॉलमुळं तो आकडा साडेतेराच्या आसपास आलाय, तेवढंच काम करायला सात-आठ टक्के जास्त इंधन जातं. म्हणून आम्ही लॅम्डावर ट्यून करतो, त्यात कुठल्याही इंधनाचं नेमकं प्रमाण म्हणजे १, बूस्टमधे ०.८ च्या आसपास ठेवतो, ठिणगीचं टायमिंग प्रत्येक पीएसआयला साधारण एक डिग्री मागं घेऊन सुरुवात करतो आणि नॉकिंगचा, म्हणजे पेट्रोल अवेळी पेटल्याचा आवाज हेडफोननं ऐकत ऐकत पुढं सरकतो.

मराठवाड्यातला खरा शत्रू उन्हाळा. रूट्स ब्लोअर हवा तापवतो, मे महिन्यात बाहेर ४२ असताना ब्लोअरमधनं निघणारी हवा शंभर डिग्रीच्या घरात जाते, ती तशीच इंजिनात गेली तर नॉकिंग ठरलेलं. दादांच्या किटमधे इंटरकूलर नव्हताच. थंड देशात कमी बूस्टवर निभत असेल, आमच्याकडं निभत नाही, मी स्पष्ट सांगितलं की इंटरकूलर नसेल तर मी चावी फिरवणार नाही. ते नाराज झाले, खर्च वाढत होता, आठवडाभर फोन नाही. नंतर स्वतःच आले. आता इंटरकूलरच्या पुढं हवा साठीच्या आत राहते, तेपण भर दुपारी. दुसरी गोष्ट धूळ. काळ्या मातीची बारीक धूळ रोटरवरचं कोटिंग खाते, त्यामुळं फिल्टर ब्लोअरच्या आधी, मोठा, आणि उंच जागी.

गाडी पुण्याला डायनोवर, म्हणजे ताकद मोजायच्या यंत्रावर नेली. चाकावर मोजलेली ताकद जवळपास एक तृतीयांश वाढली, आणि मुख्य म्हणजे दोन-अडीच हजारावर, जिथं दादांना पाहिजे होती तिथं. परतल्यावर त्यांच्या रानातल्या नाल्याच्या चढावर गाडी पहिल्या गिअरात दोनदा थांबवून परत उचलली, क्लच न जाळता. अण्णा सोबत होते. त्यांनी काही न बोलता बॉनेट उघडून बेल्टला हात लावून बघितला, पुलीची कड बोटानं पुसली, बोट स्वच्छ. त्या दिवसापासनं ते पेट्रोलच्या कामाला "तुझं काम" म्हणायचे ते "आपलं काम" म्हणायला लागले, मला यापेक्षा मोठं सर्टिफिकेट नको.

त्यानंतर बीड, परभणी, नांदेडहून चौकश्या यायला लागल्या. त्यात एक गोष्ट प्रत्येकाला सांगावी लागते. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणं आरसीवरच्या मूळ नोंदीपेक्षा वेगळा बदल गाडीत करता येत नाही, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर मालकाला एका बदलामागं ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. दादांची जिप्सी ट्रेलरवर येते आणि ट्रेलरवरच जाते. रोज ऑफिसला, लग्नाला, शाळेत पोरं सोडायला जाणाऱ्या गाडीला आम्ही किट बसवत नाही, कितीपण पैसे द्या. काही जण रागावून दुसरीकडं जातात, जाऊ द्या.

सध्या शेडमधे पाच जण आहोत, डिझेलची कामं अजून निम्म्याच्या वर आहेत. स्पर्धेच्या गाडीचं काम घेऊन येणार असाल तर किट विकत घ्यायच्या आधी गाडी आणा, नंतर नाही. पहिल्या दिवशी फक्त कम्प्रेशन आणि लीकडाउन (सिलिंडरमधनं हवा किती गळते ती) टेस्ट होईल, त्याचे आकडे कागदावर लिहून देऊ, आणि काम पुढं न्यायचं का नाही ते तो कागद समोर ठेवून बसून ठरवू.