आमची वाटचाल : कांडीचा हिशोब वेगळा

आमच्या प्रत्येक साडीच्या घडीत एक चिठ्ठी असते. सूत, रंगाई, ताणी (उभे धागे), कांडी (आडव्या धाग्याची नळी भरणं), विणाई, असे वेगवेगळे रकाने आणि सगळ्यात खाली आमचा नफा. नफा लिहू नका म्हणून बऱ्याच जणांनी समजावलं. नागपूरच्या इतवारी बाजारातल्या एका जुन्या व्यापाऱ्यांनी तर तोंडावरच विचारलं, "वहिनी, धंदा करता का धर्मादाय?" तरी लिहितो. गिऱ्हाईक नफ्याचा आकडा बघून फारसं बिचकत नाही, उलट तो वाचून घासाघीस कमी करतं असा आमचा अनुभव आहे. त्या चिठ्ठीवर सगळ्यात जास्त प्रश्न येतात ते कांडीच्या रकान्यावर. आमचा धंदा उभा राहिला तोही त्याच रकान्यावर, म्हणून हे जरा सविस्तर लिहिते.

आमचं घर तांडापेठेत. गोळीबार चौक, पाचपावली, तांडापेठ हा सगळा पट्टा कोष्ट्यांचा. भोसल्यांच्या राजवटीपासून नागपूरची बारीक सुताची धोतरं आणि लुगडी नावाजलेली. १८७७ साली जमशेटजी टाटांनी इथे एम्प्रेस मिल काढली. तिचं सूत हातमागाला मिळालं आणि तिचंच कापड हातमागाच्या उरावरही बसलं. २००२ मध्ये ती मिल कायमची बंद झाली, तिथे आता मॉल आहे. ज्यांच्या घरी पिढ्यान्पिढ्या माग होता त्यांची नातवंडं तिथे एसीत फिरायला जातात. जाऊ द्यात, मीही जाते.

माझे सासरे, म्हणजे आमचे मामाजी, लहानपणापासून खड्डामागावर (पाय खड्ड्यात सोडून बसायच्या हातमागावर) बसले. त्यांच्या वेळी पहाटे गल्लीत पाजणी चालायची. ताणी गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत ताणायची, खळ लावायची, कुंच्याने धागा धागा मोकळा करत ऊन चढायच्या आत वाळवायची. अख्खी गल्ली त्या कामाला लागायची. आता त्याच जागेत दुचाक्या उभ्या असतात आणि पाजणी मागायला गेलं तर भांडण होईल. १९७६ मध्ये केंद्राची जनता कापडाची योजना आली, स्वस्त धोतरं आणि साड्या विणून द्यायच्या. नव्वदच्या दशकात ती गुंडाळली गेली. मामाजी म्हणतात, "जनताचं काम होतं तेव्हा हात थांबत नव्हता, अन् हात शिकतही नव्हता." योजना गेल्यावर एकच एक जाडंभरडं कापड विणायची सवय झालेले कितीतरी माग मुके झाले. माझे थोरले दीर कामठीला पॉवरलूमवर लागले. घरातला माग मामाजींनी मोडीत काढला नाही एवढंच. त्यावर आमच्या सासूबाई पापडाची डाळ वाळवायच्या.

माझं माहेर मोहाडीकडचं, भंडारा जिल्ह्यातलं. म्हणजे हे घर सुताचं आणि मी टसरच्या, म्हणजे रानातल्या कोषाच्या रेशमाच्या, घरची. तिकडे आंधळगावच्या बाजूला टसरची करवत काठी साडी विणतात : अंग टसरचं आणि काठ मर्सराइज्ड सुताचा, काठाच्या कडेने दाते दाते. रामटेकच्या देवळावरच्या नक्षीशी त्या दात्यांचं साम्य लोक सांगतात. लग्न होऊन आले तेव्हा डाळीखालचा माग मी रोज बघायची. सासूबाईंना म्हटलं, आई, यावर टसर चढवू का? त्या म्हणाल्या, "चढव, पण डाळ कुठं वाळवू ते सांग."

करवत काठीचं काम बाहेरून साधं दिसतं. साध्या साडीत एकच धोटा, म्हणजे आडवा धागा घेऊन जाणारी होडी, या काठापासून त्या काठापर्यंत धावतो, त्यामुळे अंगाचा बाणा, म्हणजे तो आडवा धागा, काठातूनही जातो आणि काठाचा रंग मळकट दिसतो. करवत काठीत धोटे तीन. डाव्या काठाचा वेगळा, अंगाचा वेगळा, उजव्या काठाचा वेगळा. अंगाचा धागा काठाच्या धाग्याला अडकतो आणि तिथूनच परत फिरतो. काठात फक्त काठाचा रंग, अंगात फक्त टसर. हा अडकवा प्रत्येक ओळीला, दोन्ही बाजूंना. एकट्या माणसाच्या हाताला ते झेपत नाही, पलीकडे जोडीदार लागतो. तो बहुतेक घरचाच असतो : बायको, नाहीतर शाळेतून आलेला पोरगा. साडीची लांबी साडेपाच मीटर. एका ओळीत अडकवा चुकला की काठाजवळ बारीक खिडकी पडते, आणि ती पुढच्या बोटभर विणाईनंतर दिसते. मग उसवायचं.

याआधीचं काम म्हणजे कांडी. धोट्यात बसणाऱ्या नळीवर सूत भरायचं, रहाटाच्या चाकावर, एका हाताने चाक फिरवत आणि दुसऱ्या हाताच्या दोन बोटांत धागा धरत. त्या दोन बोटांवर सगळं अवलंबून. कांडी ढिली भरली तर धोटा धावताना सूत घसरून गुंता होतो. घट्ट भरली तर धागा ओढून येतो आणि काठ आवळला जातो. साडी घडी घातल्यावर काठाला लाट दिसते. गावच्या टसरला गाठी असतात, तो मध्येच जाड होतो, मध्येच बारीक. भरताना ती गाठ बोटाला लागली पाहिजे, डोळ्याला नव्हे. आमच्याकडच्या सगळ्यात चांगल्या कांडीवाल्या मावशींना मोतीबिंदू झालेला होता आणि त्यांच्या कांडीत चूक सापडायची नाही.

आणि या कामाला पैसे नव्हते. म्हणजे वेगळे नव्हते. पेढीवाला व्यापारी सूत देणार, साडी झाली की विणाई देणार. विणाई विणकराच्या हातात. कांड्या भरणारी, ताणी लावायला हात देणारी, धोटा परत फेकणारी बाई त्याच्याच घरची, म्हणून तिचं काम त्या विणाईत 'धरलेलं'. धरलेलं म्हणजे कुठे, हे कोणालाच सांगता यायचं नाही. २०१९-२० च्या चौथ्या हातमाग गणनेत देशभरात हातमागावर ३५ लाखांवर माणसं मोजली गेली, त्यात बायका ७२ टक्के. आमच्या गल्लीत 'विणकर कोण' म्हणून विचाराल तर आजही बोट पुरुषाकडे जातं.

मी पहिल्यांदा कांडीचा वेगळा दर लावला तेव्हा त्या मावशी हसल्या. "माय, कांडीचे बी पैसे असतेत का वं?" मग पैसे हातात पडल्यावर म्हणाल्या, मागच्या लग्नसराईचे पण दे मग. ते मी दिले नाहीत. पण त्यांचा मुद्दा बरोबरच होता.

विणकरांना हे रुचलं नाही. त्यांना वाटलं विणाईतून कापून बायकांना देते आहे. विणाई तशीच ठेवली आणि कांडी वर लावली, तेव्हा साडीचा भाव चढला आणि व्यापाऱ्यांनी माल घेणं बंद केलं. एका पेढीने साड्या ठेवून घेतल्या आणि पुष्कळ महिन्यांनी 'डाग आहेत' म्हणून हिशोब अर्ध्यावर आणला. डाग म्हणजे टसरच्या नैसर्गिक रंगातला फरक, जो प्रत्येक कोषात असतोच. तेव्हापासून आम्ही पेढीला माल देत नाही. घराची पुढची खोली रिकामी केली, पांढरी गादी घातली, तेच दुकान झालं. मिस्टर नोकरी सांभाळून संध्याकाळी हिशोब बघतात, पाहुण्यांना चहा मामाजी स्वतः करतात आणि गिऱ्हाइकाला मागाजवळ नेऊन बसवतात. माग चालू दिसला की माणूस भाव विचारायचा थांबतो, निदान थोडा वेळ.

सुताबद्दल खरं सांगायला हवं, कारण या धंद्यात सगळ्यात जास्त थापा तिथेच मारल्या जातात. भंडारा, गडचिरोली, चंद्रपूरच्या जंगलात ऐन आणि अर्जुनाच्या झाडांवर टसरच्या अळ्या वाढवतात, ढिवर समाजाचं हे पिढीजात काम. कोष उकळून त्यातून धागा पूर्वी बायका उघड्या मांडीवर वळून काढायच्या; कातडी सोलवटून निघायची. आता यंत्रं आली आहेत आणि ती यायलाच हवी होती. 'मांडीवर काढलेलं अस्सल सूत' म्हणून जास्त भाव लावणारे दुकानदार मला अजिबात आवडत नाहीत. गावचं सूत खडबडीत असतं, ताण्याला, म्हणजे उभ्या धाग्यांना, लावलं तर फणीत घासून तुटतं. म्हणून आमच्या बऱ्याच साड्यांत ताणा बाहेरच्या गुळगुळीत टसरचा आणि बाणा आपल्याकडच्या सुताचा असतो. चिठ्ठीवर तसं लिहिलेलं असतं. ताणा-बाणा दोन्ही गावचा हवा असेल तर तशी साडी करून देतो, पण ती जाड पडते, नेसताना फुगते आणि वेळ खाते.

रंगाचंही तसंच. फाल्गुनात विदर्भभर पळस फुलतो, त्याच्या फुलांचा पिवळा टसरवर सुरेख चढतो. तो उन्हात उडतो. पळसाची साडी सावलीत वाळवा, असं आम्ही घेताना सांगतो, चिठ्ठीवरही लिहितो, तरीही दरवर्षी एखादा फोन येतो. फोनवरून आठवलं : व्हॉट्सअॅपवर साड्या विकायला लागलो तेव्हा सगळ्यात मोठी कटकट रंगाचीच झाली. मोबाइलमध्ये मधाळ टसर कधी हळदीचा दिसतो, कधी राखेचा. आता फोटो सकाळी उत्तरेकडच्या खिडकीतच काढतो, शेजारी पांढरा कागद ठेवून.

नकली माल इतका आहे की गिऱ्हाइकाला दोन गोष्टी शिकवूनच पाठवते, मग साडी आमच्याकडे घ्या नाहीतर कुठेही. एक, काठ उलटा करून बघा. तीन धोट्यांच्या साडीत काठाचा रंग दोन्ही बाजूंनी सारखाच भरलेला असतो आणि मागे कापलेल्या धाग्यांची दाढी नसते. दोन, पदराचा एक धागा काढून पेटवा. रेशीम केस जळल्यासारखं वासतं आणि त्याची राख बोटात चुरते. पॉलिएस्टरचा कडक मणी होतो. सिल्क मार्क आणि हँडलूम मार्क ही चिन्हं आहेतच. १९८५ च्या हातमाग आरक्षण कायद्यात काही वस्त्रप्रकार फक्त हातमागासाठी राखलेले आहेत आणि त्यात काही प्रकारच्या साड्याही आहेत. कायदा आहे, बाजारही आहे, दोघं एकमेकांना क्वचित भेटतात.

करवत काठीला भौगोलिक मानांकन मिळालं. राज्याच्या २०२३-२८ च्या वस्त्रोद्योग धोरणात पैठणी, हिमरू, घोंगडी आणि खणाच्या पंगतीत तिचंही नाव आलं. याचा उपयोग झाला का, तर झाला. पुण्या-मुंबईच्या बायका नाव घेऊन विचारायला लागल्या. मला राग येतो तो आमच्याच लोकांचा. नागपूरच्या लग्नात मुलीला बनारसी आणि कांजीवरम घेतात, एखादी पैठणी घेतात, आणि घरापासून पाच मिनिटांवर विणली जाणारी साडी 'ती कोसावाली ना, आजीची?' (कोसा म्हणजे टसरच) म्हणून बाजूला ठेवतात. आजीची होती म्हणून टिकली, असं मी म्हणते. त्यावर बहुतेकदा हसून विषय बदलतात.

माग आजही मोजकेच आहेत. काही तांडापेठेत, काही माझ्या माहेराकडे. एक चांगला तरुण विणकर ई-रिक्षा चालवायला गेला. रोजचा रोख पैसा मिळतो, म्हणाला, आणि त्याला थांबवायला माझ्याकडे सबळ कारण नव्हतं. त्यानंतर आम्ही ताणी सांधायच्या दिवसांची मजुरी रोजंदारीने द्यायला लागलो, कारण त्या दिवसांत साडी निघत नाही आणि विणकराच्या घरी चूल मात्र पेटावी लागते. कांडीचे पैसे आता बाईच्या खात्यात जातात. यावरून दोन घरांत भांडणं झाली, एका घरात नवी शिलाई मशीन आली.

ऑर्डर देणाऱ्यांसाठी एवढं सांगते. मे महिन्यात आम्ही नवी ताणी लावत नाही. नागपूरच्या कोरड्या उन्हात धागा पटापट तुटतो, खड्ड्यात पाणी शिंपडून आणि कूलर लावूनही. लग्नासाठी साडी हवी असेल तर रंग दिवाळीआधी सांगा. नऊवारीला वेगळ्या मापाची ताणी लागते, ती दोन-तीन जणींनी मिळून मागवली तर भाव बराच उतरतो. आणि चिठ्ठी जपून ठेवा. काठ उसवला तर ती घेऊन या, कोणी विणली आणि कांडी कोणी भरली ते तिच्यावर आहे, दुरुस्ती त्याच हातांकडून करून देतो.